पाटीभर ताराचंद

आमच्या गावात एक माणूस रोज सकाळी दोन ओली फडकी घेऊन घराबाहेर पडायचा. एक फडकं आडाचं, दुसरं नदीचं. त्यांच्या घरी वापरायचं पाणी आडाचं आणि प्यायचं पूर्णा नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं, दोन्ही दुहेरी कापडातून गाळलेलं. गाळल्यावर कापडाला जे चिकटतं ते ज्या पाण्यातून आलं त्याच पाण्यात परत नेऊन सोडायचं, हा त्यांचा नेम. कापडावर आम्हाला तरी काहीच दिसायचं नाही. पण फडक्यांची अदलाबदल कधी झाली नाही. एकदा मी म्हणालो, "शेटजी, पाणी ते पाणी. दोन्ही नदीतच झटका की." तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुला कुणी इथून उचलून परभणीला नेऊन टाकलं तर चालंल का? बोल ना, चालंल का?"

हे ताराचंदजी, धर्मानं जैन. मंठ्यापासून चार-पाच कोसांवर आमचं गाव, आणि गावातलं कापडकिराण्याचं एकुलतं दुकान त्यांचं. आजोबा मारवाडातून आले, नातू बोलायला आमच्याइतकाच इथला. ठेंगणे, कानात बाळी, डोक्यावर केशरी पागोटं, आणि चालताना नजर सदा पुढच्या दोन हातांवर, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून. त्यामुळे गावात कोण समोरून आलं हे त्यांना चेहऱ्यावरून कधी कळलं नाही, पायताणावरून कळायचं.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं. कुणी विंचवावर चप्पल उगारली, कुणी कोंबडी धरून नेताना दिसला, की ते दुकानातून विचारायचे, "त्याला इचारलं का?" रागानं नव्हे, अगदी चौकशीच्या सुरात. एकदा पाटील जत्रेसाठी बोकड ओढत नेत होते. शेटजींनी विचारलं, "पाटील, त्याला इचारलं का?" पाटील म्हणाले, "इचारलं की. बें म्हणला." सगळा पार हसला. शेटजीही हसले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मी त्यांचा मुन्शी. निजामाच्या राज्यात कचेरीचा कागद उर्दूत चालायचा आणि शेटजींना त्यांच्या हिशेबाच्या महाजनी अक्षरांपलीकडे काही वाचता येत नसे. मी कुणब्याचा, मंठ्याच्या शाळेत उर्दू शिकलेला, पंचविशीचा, एका लेकराचा बाप. अर्ज लिहायचे, आलेला कागद वाचून दाखवायचा आणि उरलेल्या वेळात दुकानात बसायचं, एवढंच काम. त्यांनी मला कधी अरे म्हटलं असेल, पण कमी लेखलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं माझ्याबद्दल जे लिहायचं आहे ते वाचून कुणी म्हणेल की शेटानं छळलं असेल म्हणून यानं असं केलं. तसं काही नाही.

आता मंठ्याच्या बाजारात, नदीकाठच्या बाया बसतात त्या टोकाला कधी गेलात, तर पाट्यांत काळपट हिरवे शिंपले दिसतील. त्यांना आमच्याकडे 'ताराचंद' म्हणतात. "पाटीभर ताराचंद द्या." "आज ताराचंदाचं कालवण आहे." का म्हणतात असं विचारलंत तर कुणी सांगेल, त्या नावाचा ठेकेदार होता. कुणी सांगेल, बाळंतिणीला गुण येणारं हे औषध त्या नावाच्या वैद्यानं शोधलं. एका शिकलेल्या गृहस्थांनी तर हे नाव फार जुनं, यादवांच्या काळातलं असावं, असं मला माझ्याच ओट्यावर बसून समजावलं. मी मान हलवली. नाव मी ठेवलेलं आहे. माणूस पाण्याचा थेंबसुद्धा गाळल्याशिवाय पीत नव्हता, आणि मी त्याचं नाव एका कालवणाला दिलं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. धान्याची ओरड, वर उन्हाळा असा की पूर्णेची धार तुटली. गावासमोरचं उथळ पात्र चिखल झालं, खाली महादेवाजवळचा डोह तेवढा राहिला. चिखलात शिंपले उघडे पडले. कावळ्यांची चंगळ, आणि भोयांच्या बायांचीही. शेटजी सकाळी फडकं झटकायला गेले तर गिरजाबाई भोईण विळ्यानं शिंपला उकलत बसलेली. नवरा तापानं गेलेला, पदरात तीन पोरं. मी मागं उभा होतो.

"गिरजे, काय करून राह्यली?"

"दिसतंय ना शेटजी. पोरान्ला कालवण."

"जित्ता हाय का त्यो?"

"आता व्हता," गिरजाबाई म्हणाली.

शेटजी तिथंच काठावर बसले. जिथवर नजर जाईल तिथवर शिंपल्यांच्या पाठी वर आलेल्या. मग म्हणाले, "ह्ये समदे मरणार?"

"ऊन खाऊन मरतील न्हाई तर आमच्या पोटात मरतील. पोटात गेले तर कुणाचं तरी भलं व्हईल."

"आन् डोहात नेऊन सोडले तर?"

गिरजाबाईनं माझ्याकडे बघितलं, की म्हाताऱ्याला ऊन लागलं की काय. पण शेटजींचं ठरलं होतं. तिनं पाटीभर जिवंत शिंपले आणायचे, डोहात सोडायचे आणि त्या बदल्यात त्यांच्या घरच्या कणगीतून दोन शेर ज्वारी न्यायची. विकायच्या धान्यातून नव्हे, घरच्या. त्या दिवसांत दोन शेर ज्वारी म्हणजे काय, हे ज्यानं ते दिवस काढले त्यालाच ठाऊक.

पहिल्या दिवशी ते स्वतः डोहावर आले. शिंपले ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेले. गिरजाबाईनं पाटी उलटी करायला उचलली, तसे ते ओरडले, "फेकू नको! ठेव. एकेक ठेव." आणि धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. शिंपला हातात घेऊन फिरवून फिरवून बघू लागले. "ह्याचं तोंड कोणीकडं असतंय गिरजे? उलटा बसला तर गुदमरंल ना बिचारा."

"ज्या बाजूनं आमी खातो ना शेटजी, ती बाजू वर ठिवा."

त्यांनी तसंच ठेवलं, मनापासून.

नंतर त्यांना रोज जमेना, म्हणून डोहावर उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. मी बघायचं आणि संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत ते जेवायला बसत तेव्हा, किती जीव सुटले ते सांगायचं. त्याशिवाय ते घास तोंडात घालत नसत.

पंधरा दिवस सगळं बराबर चाललं. मग माझ्या लक्षात आलं की चिखल तर वाळून खडक झाला, त्यात शिंपला औषधाला उरला नाही, तरी गिरजाबाईची पाटी रोज भरलेलीच. एका शिंपल्याच्या कडेला टवका उडालेला होता. तो मी चार दिवसांत तीनदा डोहात ठेवला. चौथ्या वेळी मी तिच्याकडे बघितलं. तिनं काही लपवलं नाही.

"पल्याडच्या अंगानं काढते मुन्शीदादा. ह्या अंगानं तुमी सोडता. त्यान्ला बी फिरणं व्हतंय."

"शेटजींना कळलं तर?"

"तुमी सांगितलं तर कळंल."

मी सांगितलं नाही. तिच्या पोरांकडे बघून सांगितलं नाही, असं मी बायकोला त्या वेळी म्हटलं होतं, आणि तेच इतकी वर्षं स्वतःलाही म्हणत आलो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की त्याच दुपारी गिरजाबाई म्हणाली, "आता कळलंच हाय तर बसा, भाकर खाऊन जा." मी तिच्या झोपडीत बसलो. कुणब्यानं भोयाच्या चुलीवरचं खायचं नाही, तरी बसलो. तिनं रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवून वाळू काढलेले शिंपले उकडले, लसूण, लाल तिखट आणि शेंगदाण्याचं कूट घालून परतले आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर माझ्यापुढं ठेवले. शेटजींच्याच ज्वारीची भाकर. मी असं काही त्याआधी खाल्लं नव्हतं. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी दुपार तिथं व्हायची.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिच्या धाकट्या पोरीनं विचारलं, "काका, ह्येला काय म्हणत्यात?" ती शिंपल्यालाच विचारत होती की कालवणाला, कोण जाणे. माझं तोंड भरलेलं होतं, पोट भरत आलं होतं, आणि अशा वेळी माणसाला विनोद सुचतो. मी म्हणालो, "ताराचंद."

गिरजाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगं बाई, ताराचंद! वाढ गं काकाला आणखी एक ताराचंद!"

बस, एवढंच घडलं. नावं ठेवायला याहून मोठा समारंभ लागत नाही.

पाऊस पडला, नदी वाहती झाली, ज्वारीचा व्यवहार थांबला. पण पहिल्या पंधरा दिवसांत खरोखरच पुष्कळ शिंपले डोहात गेले होते. तिथं गाळ चांगला, पाणी बारमाही. दुसऱ्या वर्षी डोहातून असे जाड, मांसल शिंपले निघू लागले की आसपासच्या गावांतून लोक यायला लागले. गिरजाबाई मंठ्याच्या बाजारी पाटी घेऊन बसू लागली, आणि हाक मारायला शब्द हवा, तो तिच्याकडे होताच. दोन वर्षांत ते नाव पार नदीच्या खालच्या अंगाला पोचलं. ज्यांनी शेटजींना कधी पाहिलं नाही त्यांच्या तोंडीही तेच.

गावाला मात्र सगळं माहीत, आणि गावानं एक गोष्ट फार निष्ठेनं पाळली. शेटजींसमोर ते नाव कुणी काढलं नाही. पाटलांसारखा तोंडाळ माणूससुद्धा दुकानापुढं आला की 'शिंपले' म्हणायचा आणि चार पावलं गेल्यावर 'ताराचंद'. एकदा तहसीलचा चपराशी कागद घेऊन आला आणि दुकानाच्या पायरीवरच मला विचारू लागला, "मुन्शीजी, इधर वो ताराचंद..." मी त्याचा दंड धरून त्याला गुळाच्या ढेपीआड नेलं. शेटजी आतून म्हणाले, "कोण हाय? माझं नाव घेतलं का?" मी म्हणालो, "तुमची तब्येत इचारतो." "भला माणूस हाय," शेटजी म्हणाले, आणि त्याला खडीसाखर द्यायला लावली.

हे सगळं एक वेळ पचलं असतं. पचला नाही तो भाद्रपद.

त्यांच्यात पजूसणाच्या, म्हणजे पर्युषणाच्या, शेवटी खमतखामणा असतो. वर्षभरात जाणता-अजाणता ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची. शेटजी घरोघर जायचे. पाटलाकडे, न्हाव्याकडे, गिरजाबाईच्या झोपडीपुढंसुद्धा. आणि सगळ्यात आधी माझ्याकडे. सकाळी सकाळी माझ्या दारात पागोटं घातलेलं ते डोकं वाकलेलं दिसायचं. "मुन्शी, मी तुला जास्ती बोललो असंन, मनात काही वाईट आणलं असंन, तर माफ कर भाई." "तुम्ही काय शेटजी, उलट मीच..." एवढं म्हणायचो. ते थांबायचे. खरंच थांबायचे, वाक्य पुरं होईल म्हणून. मी ते कधी पुरं केलं नाही. चार भाद्रपद असे गेले. चारही वेळा, ज्याचं मी वाईट केलं त्यानंच हात जोडले आणि मी मोठ्या मनानं माफ केलं.

त्यातच ते दरवर्षी चातुर्मासात जालन्याला मुनीमहाराजांच्या दर्शनाला जात. तिथून आले की सांगायचे, "महाराजांना बोललो, आमच्या नदीत एवढे हजार जीव सोडवले. म्हणाले, ताराचंद, ह्ये काम मोठं." तो हजारांचा आकडा माझ्या तोंडचा. त्यात तो टवका उडालेला एकटाच निदान दहांदा मोजला गेला होता.

मग रझाकारांची धामधूम आली. व्यापारी माणसं गावं सोडू लागली. शेटजींनीही दुकानाला कुलूप घातलं आणि जुन्या जालन्यात भावाकडे जायला निघाले. गाडीत बसताना त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. "औंदाचा खमतखामणा आजच करून घेतो. पुढचं काय खरं हाय." बैल चालू लागले, मी गाडीबरोबर वेशीपर्यंत चाललो. त्या दिवशीही बोललो नाही.

राज्य बदललं, रस्ते मोकळे झाले, तसा मी जालन्याला गेलो. या वेळी ठरवूनच गेलो होतो. धान्याच्या दुकानावरची माडी, खाली हमालांचा गलका, आणि वर शेटजी गादीवर, भिंतीला टेकून. अंगात काही राहिलं नव्हतं. मला बघून उठून बसले. "डोहाला पाणी हाय का?" हे पहिलं.

मी सगळं सांगितलं. परत परत आणलेल्या पाट्या सांगितल्या, माझं जेवण सांगितलं, आकडे सांगितले. शेवटी नाव सांगितलं. सांगताना मला काय वाटत होतं तेही लिहितो. मला हलकं वाटत होतं. प्रत्येक वाक्यागणिक हलकं वाटत होतं. समोरच्या माणसाकडे मी बघत नव्हतो.

ते म्हणाले, "तू खाल्लं, ते तुझं. गिरजानं पुन्यांदा आणलं, ते तिच्या पोरांचं. तिला काही म्हणू नको. पण महाराजांपुढं, पंचांपुढं उभं राहून मी बोललो ना मुन्शी? एवढे हजार, तेवढे हजार. समदे धन्य धन्य म्हणायचे. मला लई बरं वाटायचं."

"शेटजी, खोटं मी बोललो. तुम्हाला काय माहीत?"

"तू मला बोलला. मी त्यान्ला बोललो. तुझं तू बघ, माझं मला बघू दे."

आणि त्यांनी दुसऱ्या दिवसापासून आठ दिवसांचा उपवास धरला, खोट्या बोलण्याचं प्रायश्चित्त म्हणून. फक्त पाणी. भावानं, भावजयीनं हातापाया पडून बघितलं. मी पायांवर डोकं ठेवलं, म्हणालो, चूक माझी आहे, उपवास मी करतो. तर ते हसले. "तू कर की. तुझा वेगळा."

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "लोक खातात, ते खातील. माझ्यानं बंद व्हणार न्हाई. पण खाताना माझं नाव घेतात म्हंजे दर जेवणाला मला ताटावर बोलावतात. तेवढं नाव काढून टाक. तूच ठेवलं, तूच काढ. व्हईल ना?"

मी हो म्हणालो.

उपवास त्यांनी पुरा केला. पारण्यानंतर महिन्याभरात गेले. वय झालं होतं, उपवासानं गेले असं कुणी म्हटलं नाही. त्यांच्या भावानं मला पत्रात तसं मुद्दाम लिहिलं, त्याअर्थी त्यांच्याही मनात ते आलं असणार. बोलायचं होतं तेव्हा मी गप्प बसलो आणि गप्प बसून त्यांना सुखानं जाऊ द्यायचं होतं तेव्हा जाऊन बोललो. मला हलकं व्हायचं होतं. झालो, आणि तो भार तसाच त्यांच्या उशाशी ठेवून आलो.

राहिलं ते नावाचं. मी गावात सांगून पाहिलं. पाटील म्हणाले, "बराबर हाय, ताराचंदाला ताराचंद म्हणणं चूक हाय." भोयांच्या वाड्यात सांगितलं, ते गंभीरपणे ऐकून घेतलं गेलं, आणि ज्या दोन-चार जणांना नावामागचा माणूस माहीत नव्हता त्यांनाही तो कळला. शेवटी मी बाजारच्या दिवशी मंठ्याला गिरजाबाईकडे गेलो. शेटजी गेल्याचं सांगितलं. ती पदर डोळ्याला लावून रडली, खरी रडली. मग मी त्यांचं मागणं सांगितलं.

"टाकते की," ती म्हणाली. "त्या माणसानं माझी पोरं जगवली. पर मंग ह्येला म्हणू काय?"

"शिंपले म्हण."

"शिंपले तर समद्याच नद्यांत हायेत, दादा. लोक माझ्याकडं येतात ते ताराचंदाला."

मी म्हणालो, "मग माझं नाव घे. रंगनाथ म्हण. पाप माझंच आहे."

तिनं लगेच मोठ्यानं हाक दिली, "रंगनाथ घ्या, रंगनाथ! ताजे रंगनाथ!" शेजारच्या बाया हसल्या. गिऱ्हाइकं थबकायची, पाटीत डोकावायची आणि हे काही नवीनच दिसतंय म्हणून पुढं जायची. तिनं सकाळभर तशीच हाक मारली, एकदाही चुकली नाही. मी तिच्या पाटीमागं उभा होतो. ऊन चढलं. गोणपाट वाळलं, तिनं दोनदा पाणी शिंपडलं. बारा वाजायच्या सुमाराला शिंपले तोंडं उघडायला लागले. एकदा उघडले की तासाभरात वास सुटतो, मग ते फेकून द्यायचे.

एक म्हातारा लांबून आलेला दिसत होता, धुळीनं भरलेला. हातात रिकामी पिशवी. म्हणाला, "बाई, सून बाळंत झालीय. ताराचंद हायेत का?"

गिरजाबाईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "हायेत ना. ह्येच ताराचंद."